स्टीलच्या डब्यांतली गर्दी

माझे बाबा भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांवर बफिंग करायचे, म्हणजे भांड्यांना चकाकी आणायचे. गाळ्याच्या दाराशी एका टेबलावर चेपलेले, ओरखडलेले डबे विकायला ठेवलेले असत. एका दुपारी तिथे एक उंच, किंचित वाकलेला, जाड चष्म्याचा माणूस आला. त्याने खिशातून लोहचुंबक काढलं आणि एकेका डब्याला लावून बघू लागला.

“काय शोधताय?” बाबांनी मशीन बंद करून विचारलं.

“चिकटतंय का बघतोय.”

“अहो, स्टील आहे ते.”

“मग चिकटायला नको. हा बघा, चिकटला. हा नको.”

त्याने अकरा डबे निवडले. प्रत्येकाचं झाकण लावून, डबा कानाशी धरून, हळूच दाबून हवा सुटते का ते ऐकलं. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, “वीस वर्षं हात काळे केले, पण माझ्या डब्याला कुणी असं डॉक्टरसारखं तपासलं नव्हतं.” रागावले होते, पण आतून खूशही होते. दुसऱ्या दिवशी ते डबे पोचवायला बाबांबरोबर मी जेसल पार्कला त्या माणसाच्या घरी गेले. पुढे मी त्यांना काका म्हणायला लागले. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

काकांच्या डब्यांत लाडू-चकल्या जाणार नव्हत्या. कॅसेट जाणार होत्या. खाडी जवळ, मिठागरांची हवा, त्यामुळे फितीला बुरशी धरते. म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत फडक्यात बांधलेली भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी आणि त्यावर कॅसेट उभ्या लावलेल्या. चुंबकाला चिकटणारं भांडं मात्र नको, चुंबकाने फीत पुसली जाते, त्याचा काय भरवसा. स्वयंपाकघराच्या फळ्यांवर काकांचे डबे होते आणि डाळी-तांदूळ प्लॅस्टिकच्या बरण्यांत खाली जमिनीवर. “पाहुणे आले की आधी वाटतं, केवढं भरलेलं घर आहे,” काकू म्हणाल्या. “मग झाकण उघडतात.”

त्या सगळ्या कॅसेट एकाच विलायती रॉक बँडच्या होत्या. बँड मोडून कितीतरी वर्षं झाली होती. पण काका त्यांना “आपली मंडळी” म्हणायचे आणि काल शेजारच्या हॉलमध्ये जाऊन आल्यासारखे बोलायचे. “आपली मंडळी आज फॉर्मात नव्हती गं. ढोलवाला घाई करतोय.” तो ‘आज’ पन्नास वर्षांपूर्वीचा असायचा. बँडचे दुकानात मिळणारे अल्बम त्यांच्या घरात एकही नव्हते. “स्टुडिओतलं गाणं म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो. सगळे पोटं आत घेऊन उभे.” त्यांना हवी असायची ती प्रेक्षकांतल्या कुणीतरी कोटाखाली रेकॉर्डर लपवून केलेली ध्वनिमुद्रणं. त्यात खोकला, शिट्ट्या, बाटली फुटल्याचा आवाज आणि सगळ्यांच्या पलीकडे कुठेतरी गाणं.

काकांनी तो बँड कधीच पाहिला नव्हता. त्यांच्याकडे पासपोर्टही नव्हता. टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबल जोडण्यात नोकरी गेली. गिरगावात असताना जहाजावर काम करणाऱ्या एका शेजाऱ्याने एक कॅसेट दिली होती, तिथून हे सुरू झालं. पण त्या कॅसेट ऐकून ऐकून त्यांना ते हॉल पाठ झाले होते. “ऐक, उजवीकडची टाळी उशिरा येतेय. म्हणजे तिकडे भिंत लांब आहे. आणि हे कुरकुरतंय ते दार. दाराशेजारी दारूचा काउंटर.” मग ते कागद घेऊन हॉलचा नकाशा काढायचे. भिंती, दार, काउंटर आणि रेकॉर्डरवाला जिथे उभा असेल तिथे एक फुली. त्यासाठी कागद मी पुरवायचे. आमच्या घरात पाठकोऱ्या कागदांना तोटा नव्हता.

त्याचं कारण सांगायला हवं. बाबा युनियनचे. आमच्या काशीगावच्या खोलीत देव्हाऱ्याखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं शिकले ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’ वर बोट ठेवून. घड्या घालायला शिकले त्या साडीच्या आधी पत्रकांच्या. पत्रक कसं लिहायचं हे बाबांनी मला शिकवलं: पहिल्या ओळीत राग, दुसऱ्या ओळीत कारण, शेवटी मागणी. आणि तळाला मुद्रक आणि प्रकाशक, पूर्ण नाव आणि पत्ता. “खाली नाव नसेल तर ते पत्रक नाही,” बाबा म्हणायचे. “ती मुतारीच्या भिंतीवरची शिवी.” उरलेली पत्रकं मी काकांना नेऊन द्यायचे. एका बाजूला ‘बोनस आमच्या हक्काचा’ आणि मागे इंग्लंडातला कुठलातरी हॉल, असे शेकडो कागद त्यांच्याकडे जमले होते.

“या, पत्रकबाई,” ते दार उघडून म्हणायचे. “आज कुणाला धारेवर धरलंय?”

मी जे लिहिलं असेल ते वाचून दाखवायचे. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “तिसऱ्या ओळीत श्वास घेतेस तू. तिथे तुला स्वतःलाच पटलेलं नाही.” मी चिडायचे. घरी जाऊन तिसरी ओळ काढून टाकायचे.

त्यांच्या व्यवहाराचा एक कायदा होता. जगभर पसरलेली ही वीस-पंचवीस म्हातारी माणसं एकमेकांना टपालाने कॅसेट पाठवायची. विकायची नाहीत. ज्याला हवी असेल त्याने दोन कोऱ्या कॅसेट पाठवायच्या. एकीवर गाणी भरून परत यायची, दुसरी देणाऱ्याने ठेवून घ्यायची. आणि प्रत्येक कॅसेटची वंशावळ लिहायची. मूळ मुद्रण कुणाचं, पहिली प्रत कुणाकडे, तिच्यावरून दुसरी कुणी केली. प्रतीवरून प्रत काढली की फितीची सुरसुर वाढत जाते. काका ती ऐकून पिढी सांगायचे, जसा एखादा माणूस आडनावावरून गाव सांगतो.

ही वंशावळ एका लांबट वहीत होती. ‘कुणाकडून’ आणि ‘कुणाला’ असे दोन रकाने. त्या वहीत खोडाखोड करायची नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच बारीक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी दुरुस्ती लिहून सही करायची. “गिरवून काळं केलं की चूक लपते,” ते म्हणायचे, “आणि लपवणारा उघडा पडतो.” वसईच्या त्यांच्या एका मित्राने तिसऱ्या पिढीची प्रत दुसरी म्हणून दिली होती. काकांनी त्याच्याशी देवाणघेवाण कायमची बंद केली. दिवाळीचा फराळ मात्र दरवर्षी त्याच्याकडे जात राहिला. “चिवडा खोटा नसतो,” काकू मला हसून म्हणाल्या होत्या.

एकदा अंधेरीहून एक गृहस्थ मोठी गाडी घेऊन आला. सगळे डबे एकदम विकत घ्यायचे म्हणाला. काकांनी त्याला चहा दिला, खारी दिली आणि विचारलं, “उत्तनला गेला आहात कधी?”

“नाही. का?”

“तिथे बोंबील सुकत घातलेले असतात. ते विकत मिळतात.”

तो गेल्यावर मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, हा तर आपलाच माणूस. बाजार नाकारणारा. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, “बाजार नाकारत नाही गं. मी ओळख विचारतोय. तुला कुणी दिलं, आणि तू कुणाला देणार, एवढंच.” तेव्हा मला हे वाक्य गुळगुळीत वाटलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या बेन वर येऊन सांगायच्या, “काका, वो आदमी कितना खांसता है आप की टेप में! उस को कोई दवा दो ने.” काका अगदी गंभीरपणे म्हणायचे, “बेन, वो ठीक हो गया. अगले साल की टेप में नहीं खांसता.” खरंच होतं ते. काकांनी त्या गर्दीतली माणसं ओळखून ठेवली होती. एक खोकणारा. एक शिट्टीवाला, जो चार गावांत बँडच्या मागे मागे फिरला. एक जण प्रत्येक शांत जागी तेच गाणं मागायचा आणि बँडने ते त्याच्यासाठी कधीच वाजवलं नाही. “आपल्यासारखाच,” काका म्हणायचे. “मागण्या घेऊन उभा.”

मग एका पावसाळ्यात आठ कॅसेटना बुरशी लागली. काका त्या दिवशी जेवले नाहीत. मी माझा लॅपटॉप आणला, एक जुना कॅसेट-प्लेअर त्याला जोडला आणि एकेक डबा कंप्युटरवर उतरवायला लागले. दर रविवारी दुपारी. काकांची अट एकच: “काही साफ करायचं नाही. जसं आहे तसं.”

शेवटच्या डब्यात एकच कॅसेट होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘फक्त तुझ्या कानांसाठी’. ती इंग्लंडातल्या एका निवृत्त पोस्टमनने पाठवली होती. काका त्याला पोस्टमनच म्हणायचे. वीस वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर त्याने ती दिली होती. एका लहान गावातला कार्यक्रम, आणि त्यात बँडने एक गाणं वाजवलं होतं जे त्यांनी पुन्हा कुठेच वाजवलं नाही. मूळ फीत पोस्टमनकडे आणि तिची एकुलती प्रत जेसल पार्कमध्ये.

“उतरव,” काका म्हणाले. “पण कुणाला ऐकवू नकोस. शब्द मी दिलाय. आता अर्धा तुझ्याकडे.”

मी उतरवली. तिसऱ्या आणि चौथ्या गाण्यांच्या मध्ये एक बाई रेकॉर्डरच्या अगदी जवळ बोलते. भूक लागलीय म्हणते, हसते, मग गाणं सुरू झाल्यावरही थोडा वेळ बडबडत राहते. काका तिथे मान खाली घालून बसले होते. मी विचारलं, “ही कोण?” ते म्हणाले, “आहे एक.” खोकणाऱ्याबद्दल अर्धा तास बोलणारा माणूस एवढंच म्हणाला, आणि मला त्यात काही वेगळं जाणवलं नाही.

त्या दिवसांत आमच्या भागातली अभ्यासिका बंद पडली होती. आतली पुस्तकं दिसत होती आणि दाराला कुलूप होतं. मी त्यावर पत्रकं लिहीत होते. ज्ञान कुलपात, कला कुलपात, असं सगळं डोक्यात पेटलेलं. पुढच्या रविवारी मी काकांना म्हणाले, “ते गाणं जगात दोनच माणसांकडे आहे, हे तुम्हाला बरोबर वाटतं?”

“बरोबर-चूक माहीत नाही. शब्द दिलाय.”

“शब्द देऊन साठेबाजी करता येते, काका?”

काकू भजनाला निघाल्या होत्या, त्या उंबऱ्यात थांबल्या. काका हसले. “लिही की माझ्याविरुद्ध पत्रक. कागद मी देतो, पाठकोरे आहेत.”

“तुम्ही उद्या गेलात तर? पुन्हा बुरशी लागली तर?”

“तर गेलं. सगळंच राहायला पाहिजे असं नाही.”

हे मला भयंकर वाटलं. प्रतिगामी वाटलं. बसमध्ये बसून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात अख्खं पत्रक लिहून काढलं. पहिल्या ओळीत राग, दुसऱ्या ओळीत कारण. आणि मंगळवारी दुपारी मी ते मुद्रण इंटरनेटवर टाकलं. खाली चार वाक्यं लिहिली, कला कुणाच्या बापाची नसते वगैरे. नाव लिहिलं नाही. मी स्वतःला सांगितलं, नाव लिहिणं म्हणजे श्रेय घेणं.

मी तेव्हा खोटं बोलत होते. मला भीती वाटत होती, एवढंच.

तीन दिवसांत हजारो लोकांनी ते ऐकलं. मी अभिमानाने फुगले होते. मग प्रतिक्रिया वाचायला लागले. निम्म्या गाण्याबद्दल होत्या, निम्म्या त्या बाईबद्दल. ‘हिला कुणीतरी बाहेर काढा.’ ‘हिच्या तोंडात बोळा कोंबा.’ आठवड्याच्या आत कुणीतरी एक नवी प्रत तयार केली, त्यातून तिचा आवाज पुसून टाकलेला. ती जास्त पसरली. मी माझी काढून टाकली, पण वाटलेलं पत्रक परत गोळा करता येत नाही.

महिनाभराने काकांनी मला बोलावलं. टेबलावर एक परदेशी पाकीट होतं. त्यांनी पत्र वाचून दाखवलं आणि मला मराठीत सांगितलं, माझं इंग्रजी काही वाईट नसताना. बहुधा त्यांना ते स्वतःच्या भाषेत एकदा म्हणून बघायचं होतं.

“लिहितोय, ती माझी बायको होती. त्यानंतरच्या हिवाळ्यात गेली. तिचा आवाज माझ्याकडे एवढ्याच ठिकाणी आहे. लोक तिला काय म्हणाले ते वाचलं. तिला पुसलेली प्रतही ऐकली. गाणं फार छान ऐकू येतं तिच्यात. तू हे का केलंस, ते मी विचारणार नाही.”

त्यांनी पत्राची घडी घातली. घरात एक कॅसेट चालू होती आणि तो माणूस नेहमीप्रमाणे त्याचं गाणं मागत होता.

“तुम्हाला माहीत होतं, ती कोण ते?” मी शेवटी विचारलं.

“हो.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“सांगायचं नाही, हाही शब्दच होता.” मग म्हणाले, “चहा घे. निवतोय.”

एवढंच. त्यांनी ‘तू टाकलंस का’ असं विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. पण ज्याला सुरसुर ऐकून पिढी कळते, त्याला काय विचारायची गरज? कबूल मी करायचं होतं. तळाला नाव मी लिहायचं होतं. मी चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि निघाले.

मग माझं जाणं कमी झालं. कामं होती, मोर्चे होते, सबबी भरपूर होत्या. मी दुसऱ्यांच्या अन्यायांवर लिहीत राहिले, अगदी ठासून. एकदा स्टेशनजवळ काकू भेटल्या, हातात भाजीची पिशवी. म्हणाल्या, “येत नाहीस गं हल्ली. टपालही येईनासं झालंय. महिन्याला चार-पाच पाकिटं यायची, आता एक नाही. हे रोज खाली जाऊन पेटी उघडून बघतात. मी म्हणते, पेटी गंजलीय, दिसत नसेल. ‘असेल’ म्हणतात.” मला ते तिथेच, त्या गर्दीत सांगता आलं असतं. मी म्हणाले, “येते एकदा.”

काका गेल्या वर्षी गेले. चेण्याला भाचीकडे गेले होते, जेवून आरामखुर्चीत बसले आणि गेले. मला दोन दिवसांनी कळलं.

महिन्याने काकूंनी फोन केला. “तुझे कागद घेऊन जा. एका बाजूला तुमचं, एका बाजूला ह्यांचं. मी कुणाच्या हवाली करू?” मी गेले. डबे फळ्यांवर तसेच होते. काकूंनी ते नकाशे आणि लांबट वही माझ्यासमोर ठेवली आणि आत भात लावायला गेल्या.

मी वही चाळत शेवटच्या पानांशी आले. पोस्टमनच्या कॅसेटची नोंद. ‘कुणाकडून’ मध्ये त्याचं नाव. ‘कुणाला’ हा रकाना इतर सगळ्या नोंदींत नावांनी भरलेला, इथे तो इतकी वर्षं कोरा असणार. आता तिथे त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘सर्वांना. माझ्या हातून.’ खाली तारीख आणि सही. तारीख मी चहा पिऊन निघाले त्या दिवसाची.

शेजारी कार्बनने काढलेली पत्राची नक्कल खोचलेली होती. पोस्टमनला लिहिलेलं. तीन ओळी. प्रत माझ्याकडची होती, ती माझ्या हातून बाहेर गेली, याला दुसरं कुणी जबाबदार नाही. क्षमा मागतो.

एका पिढीच्या खोट्यासाठी ज्याने मित्र सोडला, त्याने त्या वहीत एकच खोटं लिहिलं, आणि ते माझ्यासाठी. मग रोज खाली जाऊन पेटी उघडून बघत राहिला.

काकू बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. “काय झालं गं?”

मी सांगितलं. सगळं, मंगळवारच्या दुपारपासून. त्यांनी पदराला हात पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. तू उतरवून घेत होतीस ना. ह्यांना तर मोबाइलवर फोटो पाठवता यायचा नाही.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, पोर लिहिणारी आहे, तिचं नाव अजून लागायचंय. आधीच खराब कशाला.”

मी पोस्टमनला पत्र लिहिलं. पाकिटावरून पत्ता उतरवून घेतला, तळाला माझं पूर्ण नाव, बाबांचं नाव, खोली नंबर, काशीगाव. पोस्टात जाऊन टाकलं. त्याला सहा महिने झाले. पेटी उघडून बघणं म्हणजे काय, ते मला आता माहीत आहे. तो माणूस हयात आहे की नाही, तेही मला ठाऊक नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी काकूंकडे पेन मागितलं. त्यांनी काकांचंच आणून दिलं. ‘माझ्या हातून’ या शब्दांवर मी पेन टेकवलं, आणि मला ते शब्द गिरवून, घासून, कागद फाटेपर्यंत काळे करावेसे वाटले. हात तसा वळलाही असेल, कारण काकू पटकन म्हणाल्या,

“बारीक मार गं रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे.”

मी एकच रेघ मारली. शेजारी माझं नाव लिहिलं आणि सही केली.

खालचं वाचता येतं.